पार्सल म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भाषांतराची कामं करतो आणि शब्दांच्या मुळाशी जायची जुनी खोड आहे, त्यामुळे लोक काहीबाही विचारत असतात. त्यात पार्सल या शब्दाबद्दल इतक्यांदा तेच तेच विचारून झालंय की म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवू. क्रमाने वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न उचला.

पार्सल म्हणजे मुळात खोकं, पुडकं की गाठोडं?

यातलं एकही नाही. पार्सल म्हणजे मुळात "छोटासा तुकडा". हा शब्द इंग्रजीत १४व्या शतकात आला तेव्हा त्यात ना कागद होता ना दोरी ना पत्ता, नुसता भाग, हिस्सा, वाटा एवढाच अर्थ. कशाचाही भाग, म्हणजे जमिनीचा, पैशांचा, एखाद्या मजकुराचा सुद्धा. बांधून पाठवायची वस्तू हा अर्थ १७व्या शतकात रुळला, म्हणजे अडीच-तीनशे वर्षं हा शब्द पुडक्याशिवाय व्यवस्थित नांदत होता. आपण ज्याला खरा अर्थ समजतो तो घरातला शेंडेफळ आहे आणि मोठी भावंडं अजून जिवंत आहेत, फक्त आपली त्यांच्याशी ओळख नाही. खालचे निम्मे प्रश्न या मोठ्या भावंडांमुळेच येतात.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये पार्स म्हणजे भाग. इंग्रजीतला पार्ट तिथूनच आला. पार्सचं लाडकं छोटं रूप पार्टिक्युला, म्हणजे बारीकसा भाग. पुढे लोकांच्या तोंडी असलेल्या लॅटिनमध्ये या छोट्याचं अजून छोटं झालं, पार्टिकेल्ला. हे रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, पुढच्या भाषांवरून अभ्यासकांनी मागे जाऊन बांधलेलं आहे, म्हणून कोशात त्याच्या आधी तारका (*) असते. त्यातून जुन्या फ्रेंचमधलं पार्सेल आणि तिथून इंग्रजीतलं पार्सल.

म्हणजे बघा, डबा, डबी, डबुली असं दोनदा लहान केलेला हा शब्द आहे. आणि आज माणूस आत पाय पसरून बसेल एवढ्या खोक्यालाही आपण बिनदिक्कत पार्सलच म्हणतो. मला हे फार आवडतं.

अजून एक गंमत म्हणजे पार्टिकल हाही त्याच पार्टिक्युलातून आलाय, फक्त तो पुस्तकी वाटेने आला म्हणून फारसा झिजला नाही आणि पार्सल लोकांच्या तोंडातून घासून घासून आला. एकच आई, एक पोरगं प्रयोगशाळेत आणि दुसरं पोस्टात.

पण तुकड्याचं पुडकं झालं कसं?

व्यापाऱ्यांमुळे. आधी पार्सल म्हणजे भाग. मग हिशेबाच्या यादीतली एक बाब, एक कलम, यालाही पार्सल म्हणायला लागले, कारण यादी म्हणजे पूर्ण हिशेब आणि बाब म्हणजे त्याचा तुकडा. मग मोठ्या मालातून एकरकमी विकायला वेगळा काढलेला ढीग, ज्याला आपण लॉट म्हणतो, तो पार्सल. इथपर्यंत अजून काही बांधलेलं नाही, लक्षात घ्या. आता वेगळा काढलेला माल परत ढिगात मिसळू नये म्हणून माणूस काय करणार, त्याला कापडात नाहीतर कागदात गुंडाळून गाठ मारणार. झालं, एक हिस्सा म्हणजे एक बोचकं. काही पिढ्या हा हिस्सा आणि बोचकं हातात हात घालून फिरले आणि मग लोक हिस्सा विसरले, बोचकं तेवढं उरलं.

अर्थ असाच सरकतो, एका पायावरून दुसऱ्यावर. उडी मारत नाही. माल मोजताना आपण "किती नग?" विचारतो तेव्हा नग म्हणजे सुटी वस्तू की बांधलेला गठ्ठा हे तरी कुठे ठरलेलं असतं, संदर्भाने कळतं. पार्सलचं मधल्या काळात तसंच होतं.

"पार्ट अँड पार्सल" मध्ये पार्सल कशाला? सामान कुठे आहे त्यात?

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच असेल. सामान नाहीच. इथे पार्सल जुन्या अर्थाने आहे, म्हणजे पार्ट म्हणजे भाग आणि पार्सल म्हणजेही भाग. भाग आणि भाग. वकिलांच्या कागदांतून आलेला प्रयोग आहे, जुन्या दस्तांमध्ये अमुक शेत तमुक जहागिरीचा पार्ट अँड पार्सल आहे असं लिहायचे, म्हणजे उद्या कोणी उठून ते वेगळं आहे म्हणायला नको.

इंग्रजी कायद्याला अशी जोडगोळी फार प्रिय, नल अँड व्हॉइड (रद्दबातल), एड अँड अबेट (गुन्ह्यात साथ देणं), सीज अँड डिसिस्ट (थांबवणं). अशा दुसऱ्या काही जोड्यांत एक शब्द देशी आणि एक फ्रेंच असतो, कारण १०६६ मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या दरबारात फ्रेंच आली आणि दोन भाषांचा संसार सुरू झाला. आपल्याकडे कागदपत्र, धनदौलत हे असेच जुळलेत बघा, एक शब्द फारसी-अरबीकडचा आणि एक संस्कृतकडचा. पार्ट आणि पार्सल मात्र दोघेही फ्रेंचमधूनच आलेले, मुळात एकाच घरातले, त्यामुळे तिथे दोन भाषांचं कारण लागू पडत नाही, नुसती वकिली खबरदारी आणि कानाला गोड लागणारा "प" चा ठेका.

मराठीत काय लिहायचं? अविभाज्य भाग, नाहीतर सरळ "हे त्यातच आलं". मला दुसरं जास्त आवडतं, कारण इंग्रजीत हा प्रयोग बहुतेक वेळा कटकटीच्या गोष्टीबद्दल करतात, रात्रपाळी ही या नोकरीचा पार्ट अँड पार्सल आहे वगैरे, आणि मराठी माणूस तिथे खांदे उडवून "आलंच ते" असंच म्हणेल. ज्या शब्दाचा अर्थच तुकडा त्याचा उपयोग "तुकडा पाडता येणार नाही" हे सांगायला होतो, हेही आहेच.

आणि प्लीज, पार्ट अँड पार्टिकल असं नाही. पार्ट अँड पार्शल पण नाही. दोन्ही मी छापील मजकुरात पाहिलेत.

"पार्सल ऑफ लँड" म्हणजे? जमीन कुठे पाठवतात का?

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं, एका ऑफिसातून इंग्रजी खरेदीखत मराठी करायला आलं. त्यात परिशिष्टाच्या सुरुवातीलाच "ऑल दॅट पीस ऑर पार्सल ऑफ लँड" असं होतं. मी रात्री उशिरा बसून घाईघाईत लिहिलं, "जमिनीचा तो सर्व तुकडा किंवा गठ्ठा". गठ्ठा! मला वाटलं काहीतरी जुनी मोजणीची पद्धत असेल. सकाळी तिथल्या म्हाताऱ्या कारकुनांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "साहेब, गठ्ठा कितीचा बांधलाय? उचलेल का कोणी?" पुढचा आठवडाभर मला तिथे गठ्ठासाहेब म्हणत होते.

तर पीस ऑर पार्सल ही परत तीच वकिली जोडी, दोन्हीचा अर्थ जमिनीचा तुकडा. इंग्रजी खरेदीखतात मिळकतीचं वर्णन जिथे येतं, म्हणजे चतुःसीमा, क्षेत्रफळ वगैरे, त्या कलमालाच पार्सल्स म्हणायची पद्धत आहे. आणि हा अर्थ मेलेला अजिबात नाही. जगभरातल्या भूमापन खात्यांत नकाशावरच्या प्रत्येक स्वतंत्र तुकड्याला पार्सल म्हणतात, त्याला नंबर असतो आणि कॉम्प्युटरवरच्या नकाशांमध्येही पार्सल लेयर असाच शब्द आहे. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळात १८०७ साली कायदा करून देशभर तुकड्या-तुकड्याने जमीन मोजायला घेतली, कर नीट बसवायला, त्या मोजणीच्या नावातही हाच शब्द आहे. मराठीत संदर्भ बघून भूखंड, तुकडा, गट, काहीही चालेल. गठ्ठा सोडून.

पार्सल आउट म्हणजे पार्सल पाठवून देणं का?

नाही, वाटून टाकणं. क्रियापद म्हणून पार्सल १५व्या शतकापासून हिस्से पाडणे या अर्थी आहे. वारसांनी इस्टेट पार्सल आउट केली म्हणजे वाटण्या केल्या, बॉसने काम पार्सल आउट केलं म्हणजे प्रत्येकाच्या गळ्यात थोडं थोडं घातलं. बातम्यांच्या भाषांतरात इथे नेहमी घोळ होतो. पार्सल अप मात्र गुंडाळून बांधणं. आउट आणि अपचा फरक आहे, पुस्तकात दिसला की थांबून बघा.

फ्रेंच, स्पॅनिश, जर्मनमध्ये पण पार्सलच म्हणतात का?

शब्द आहे पण अर्थ पुडकं नाही, आणि इथेच कळतं की इंग्रजीच वाट सोडून गेली. फ्रेंचमध्ये पार्सेल म्हणजे जमिनीचा तुकडा किंवा कण, पोस्टातल्या पार्सलला ते कोली म्हणतात. स्पॅनिशमध्ये पार्सेला म्हणजे प्लॉट. जर्मनमध्ये पार्त्सेले म्हणजे प्लॉट, पार्सलला पाकेट. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये पार्सेला म्हणजे हप्ता, टीव्ही बारा पार्सेलांवर घेतला म्हणजे बारा खोक्यांत आला असं नाही, बारा हप्ते पडले. इटालियनमध्ये पार्चेल्ला म्हणजे वकील किंवा आर्किटेक्ट तुम्हाला देतो ते फीचं बिल, त्यामुळे इटलीत तुमचं पार्चेल्ला आलंय ऐकून खूश होऊ नका. तिथे पार्सलला पाक्को म्हणतात.

हप्ता, बिल, प्लॉट, कण, सगळीकडे तुकडाच. एकट्या इंग्रजीने त्याला कागद गुंडाळला.

पार्सल, पॅकेट, पॅकेज, पॅक यात फरक काय?

घराणंच वेगळं. पॅक हा उत्तर युरोपातला शब्द, डच आणि उत्तर जर्मनीच्या सखल भागातल्या बोलीकडचा, आणि त्याचा अर्थ पहिल्यापासूनच गठ्ठा. पॅकेट म्हणजे छोटा पॅक. पॅकेज म्हणजे आधी बांधायची क्रिया आणि मग बांधलेली वस्तू, त्यामुळे सॅलरी पॅकेज, टूर पॅकेज असं "सगळं एकत्र बांधून" हा अर्थ पॅकेजला शोभतो, पार्सलला नाही. ढोबळ फरक सांगायचा तर पॅकेज बघतं आत काय काय एकत्र केलंय त्याकडे आणि पार्सल मुळात बघत होतं कशातून वेगळं काढलंय त्याकडे. आज बोलताना हा फरक कोणी पाळत नाही. ब्रिटिश माणूस पार्सल म्हणतो तिथे अमेरिकन बहुतेक वेळा पॅकेज म्हणतो, तरी त्यांच्याही पोस्टाच्या सेवेचं नाव पार्सल पोस्टच होतं.

आंतरराष्ट्रीय टपालात फरक वजनावरही असतो, स्मॉल पॅकेट २ किलोपर्यंत, त्याच्या वर गेलं की ते पार्सलच्या खात्यात आणि मग दर वेगळे, कागद वेगळे.

इंटरनेटवरचं पॅकेट? तो शब्द ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६०च्या दशकात मुद्दाम निवडलेला. मोठा संदेश छोट्या तुकड्यांत तोडून पाठवायची कल्पना, आणि इतर भाषांतही सहज चालेल असा शब्द हवा म्हणून त्यांनी भाषातज्ज्ञाला विचारून पॅकेट घेतला. अमेरिकेत पॉल बॅरन याच कल्पनेला मेसेज ब्लॉक म्हणत होते. मला नेहमी वाटतं की मोठ्या गोष्टीचा तुकडा करून, वर पत्ता लिहून रवाना करायचा, तर जुन्या आणि नव्या दोन्ही अर्थांनी पार्सल इतका चपखल शब्द दुसरा नव्हता. पण पार्सल स्विचिंग म्हणून बघा तोंडाने, नाही जमत.

माणसांच्या घोळक्यालाही पार्सल म्हणतात हे खरं का?

खरंय, पण बहुतेक वेळा नाक मुरडून. पार्सल ऑफ रोग्ज, पार्सल ऑफ लाइज, म्हणजे लबाडांचं टोळकं, थापांचं गाठोडं. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड एक झाले तेव्हा ज्या स्कॉटिश पुढाऱ्यांनी होकार दिला त्यांना शिव्या घालणारं एक प्रसिद्ध गाणं आहे, त्यात हाच पार्सल ऑफ रोग्ज येतो. शेक्सपियरच्या काळात मात्र चांगल्या माणसांच्या समूहालाही पार्सल चालायचं, हेटाळणी नंतर चिकटली. मराठीत गठ्ठ्याचंही असंच आहे, नोटांचा गठ्ठा ठीक पण एकगठ्ठा मतं म्हटलं की आवाज जरा वाकडा होतोच.

अमेरिकन खेडवळ बोलीत पॅसल असा शब्द ऐकाल, अ पॅसल ऑफ किड्स म्हणजे पोरांचं लेंढार. तो दुसरा तिसरा कोणी नसून आपला पार्सलच, मधला र गळलेला. कर्सचं कस झालं, बर्स्टचं बस्ट झालं, हॉर्सचं हॉस झालं, त्याच रांगेतला हा.

पार्सल-गिल्ट म्हणजे काय? लिलावाच्या यादीत वाचलं.

अर्धवट सोन्याचा मुलामा. चांदीचं भांडं घ्यायचं आणि त्याचा काठ, आतली बाजू किंवा नक्षी तेवढीच सोन्याने मढवायची, बाकी चांदी तशीच. इथे पार्सल म्हणजे "अंशतः". शेक्सपियरच्या हेन्री चौथा नाटकाच्या दुसऱ्या भागात फॉलस्टाफ या थापाड्या सरदाराने ज्या पेल्यावर हात ठेवून लग्नाची शपथ घेतलेली असते तो पार्सल-गिल्टच असतो. शपथही तितपतच खरी.

जहाजावर दोरखंडाचं पार्सलिंग करतात म्हणे?

करतात, आणि हा माझा सगळ्यात लाडका अर्थ आहे. शिडाच्या जहाजांवर जे दोर कायम ताणलेले आणि उन्हापावसात, खाऱ्या पाण्यात असतात, त्यांना तीन थरांत जपायचं. दोर म्हणजे पीळ दिलेले पेड, दोन पेडांच्या मध्ये नागमोडी खाच असते. पहिल्यांदा त्या खाचेत बारीक सुतळी पिळाबरोबर भरत न्यायची म्हणजे दोर गुळगुळीत गोल होतो, हे वर्मिंग. मग शिडाच्या जुन्या कापडाची अरुंद पट्टी घ्यायची, डांबर फासलेली, हाताला चिकटणारी, आणि ती पिळाच्याच दिशेने गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत, खालून वर, म्हणजे कौलांसारखं पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं. हे पार्सलिंग. आणि वरून घट्ट दोरी, पण आता पिळाच्या उलट दिशेने, लाकडी ठोकळ्याने ताणून ताणून, म्हणजे दोर ताणला गेला तरी आवरण सुटत नाही. हे सर्व्हिंग. खलाशांना क्रम चुकू नये म्हणून त्यांचं यमक जुळवलेलं वाक्यही आहे, वर्म आणि पार्सल पिळासोबत, सर्व्ह उलट, अशा अर्थाचं.

आज हौशी लोक आणि जुनी जहाजं दुरुस्त करणारे सोडले तर कोणी करत नाही. पण एकदा करून बघा, तासभर लागतो हातभर दोराला, आणि नखातलं डांबर चार दिवस जात नाही.

हवामानाच्या लेखात "एअर पार्सल" वाचलं, ते काय प्रकरण?

कल्पनेतला हवेचा गोळा. हवामानशास्त्रज्ञ आजूबाजूच्या हवेतून एक तुकडा मनातल्या मनात वेगळा काढतात, असं धरून की त्याची बाहेरच्या हवेशी देवाणघेवाण होत नाही, आणि मग विचारतात की याला वर ढकललं तर काय होईल. वर दाब कमी म्हणून तो फुगतो, फुगताना थंड होतो, कोरडा असेल तर दर किलोमीटरला जवळपास ९.८ अंश सेल्सिअस. आता आजूबाजूची हवा तेवढ्याच वेगाने थंड होत नसते. तिच्यापेक्षा आपला गोळा गरम राहिला तर तो हलका, आपोआप वर चढत राहणार, त्यातली वाफ ढग होणार, आणि वाफेची उष्णता सुटल्यामुळे अजून जोर येणार. थंड पडला तर परत खाली. वादळी ढग तयार होतील का याचा अंदाज या एका गोळ्याच्या हिशेबावर बराच अवलंबून असतो.

पोस्टातल्या पार्सलचं आवरण खरं असतं आणि याचं काल्पनिक, पण अर्थ बघाल तर हाच जास्त अस्सल पार्सल आहे, मोठ्या गोष्टीतून वेगळा धरलेला तुकडा. मेंदूच्या अभ्यासात पार्सेलेशन म्हणतात तेही हेच, मेंदूच्या सालीचे वेगवेगळे इलाखे पाडणं. मेंदूचे अभ्यासक ब्रॉडमन यांनी १९०९ मध्ये पेशींची मांडणी बघून पाडलेल्या इलाख्यांचे नंबर आजही डॉक्टरांच्या तोंडी असतात.

हिऱ्यांचं किंवा शेअर्सचं पार्सल?

एकत्र विकायला काढलेला लॉट. हिऱ्यांच्या धंद्यात बरेच खडे एकत्र, घडी घातलेल्या कागदात, त्या सगळ्याला पार्सल. शेअर्सचंही तसंच, एका वेळी घेतलेला ठरावीक हिस्सा. व्यापाऱ्यांचा १५व्या शतकातला अर्थ जसाच्या तसा.

पोस्टाने पार्सल पाठवायला सुरुवात कधी झाली?

वाटतं तेवढी जुनी गोष्ट नाही. पत्रं नेणं हे सरकारी टपालाचं काम फार आधीपासून, पण सामान बहुतेक खाजगी गाडीवाले, घोडागाड्या, नंतर रेल्वे आणि एक्स्प्रेस कंपन्या न्यायच्या. १८८० मध्ये पॅरिसला देशादेशांत पार्सलांच्या देवाणघेवाणीचा करार झाला. ब्रिटनला तेव्हा अंतर्गत पार्सल सेवाच नव्हती, ती १ ऑगस्ट १८८३ ला सुरू झाली, जास्तीत जास्त ७ पौंड, म्हणजे ३ किलोच्या थोडं वर. त्यावेळचे पोस्टमास्टर जनरल हेन्री फॉसेट हे अंध होते, तरुणपणी शिकारीच्या अपघातात दृष्टी गेलेली. रेल्वे कंपन्या सहजासहजी ऐकणाऱ्या नव्हत्या, शेवटी रेल्वेने जाणाऱ्या पार्सलांच्या टपालखर्चातले ५५ टक्के त्यांना द्यायचं ठरलं. आणि एक बारीक गोष्ट, तोपर्यंत तिथे टपाल वाटणाऱ्याला लेटर कॅरिअर म्हणायचे, आता तो नुसती पत्रं नेत नाही म्हटल्यावर त्याचा अधिकृत पोस्टमन झाला. म्हणजे पोस्टमन हे सरकारी नाव पार्सलमुळे मिळालं.

अमेरिकेत तर १ जानेवारी १९१३ उजाडला. त्याआधी पोस्ट ४ पौंडांच्या वरचं काही घेतच नव्हतं, बाकी सगळं खाजगी एक्स्प्रेस कंपन्यांच्या हातात, आणि त्यांनी पार्सल पोस्टला कडकडून विरोध केला होता.

पार्सलने मुलं पाठवायचे हे फेकाफेक आहे ना?

नाही हो, झालंय. नवी सेवा, नियम धड बसलेले नाहीत, आणि लोक डोकं चालवणारच. सगळ्यात माहितीतली गोष्ट फेब्रुवारी १९१४ ची, आयडाहो राज्यातल्या ग्रेंजव्हिलहून मे पिअरस्टॉर्फ नावाच्या पाच वर्षांच्या मुलीला लुइस्टनला आजीकडे पाठवायचं होतं, पोरीचं वजन ५० पौंडांच्या मर्यादेत बसत होतं, रेल्वेच्या तिकिटापेक्षा टपाल स्वस्त, तर ५३ सेंटांची तिकिटं तिच्या कोटाला चिकटवली आणि टपालाच्या डब्यातून रवाना. अनोळखी माणसाच्या हातात दिली असं मात्र नाही, त्या डब्यात काम करणारा नातेवाईकच होता. नंतर पोस्टाने माणसं पाठवायला बंदी घातली.

१९१६ मध्ये त्याहून कडी झाली. युटा राज्यात व्हर्नल गावी बँकेची इमारत बांधायची होती, चांगल्या विटा लांब सॉल्ट लेक सिटीला, आणि मालवाहतुकीचा खर्च विटांपेक्षा जास्त. मग विटा ५०-५० पौंडांच्या पार्सलांत बांधून पोस्टाने मागवल्या, जवळपास ८०,००० विटा. पोस्टाला तोटाच तोटा. त्यानंतर एका माणसाने एका दिवसात एकाला किती वजन पाठवायचं याला २०० पौंडांची मर्यादा आली. ती इमारत अजून उभी आहे. तुकड्या-तुकड्याने पाठवलेली इमारत, म्हणजे पार्सल शब्दाच्या दोन्ही अर्थांना एकाच वेळी न्याय, असं मी उगाचच म्हणतो.

पार्टनर आणि पार्सल नातेवाईक आहेत का?

आहेत, चुलत म्हणा. कायद्यात पार्सनर असा शब्द होता, सामायिक वारस, ज्याचा वाटा आहे तो. त्यावरूनच वारसा हक्काच्या कागदांत कोपार्सनर येतो. या पार्सनरवर पार्टची सावली पडली आणि पार्टनर झाला. पार्टी, पार्टिशन, अपार्टमेंट, पार्टिसिपेट, व्याकरणातलं पार्स करणं, सगळी पार्सची पिलावळ.

आणि पर्स?

पर्सचा काही संबंध नाही. ती ग्रीकमधल्या चामड्याच्या शब्दावरून आली. आवाज सारखा आहे एवढंच.

मराठीत ते पार्सल की तो पार्सल? अनेकवचन काय?

ते पार्सल, नपुंसकलिंगी. अनेकवचन पार्सलं, लिहिताना पार्सले, आणि बरेच जण नुसतं "चार पार्सल आलीत" म्हणतात तेही चालून जातं. पुडकं, गाठोडं, बोचकं, सगळी नपुंसकलिंगी, बहुतेक त्यांच्याच पंगतीत हे जाऊन बसलं. पार्सलचा, पार्सलाचा दोन्ही ऐकलंय, मी पार्सलचा लिहितो. उच्चाराचं म्हणाल तर ब्रिटिश माणूस पासल म्हणतो, र जवळजवळ खातो, आपण पूर्ण र म्हणतो आणि बरं करतो.

बांधून घेऊन जायच्या जेवणालाही आपण पार्सलच म्हणतो, इंग्लंडमध्ये तसं म्हणालात तर समोरचा टेप आणि पत्ता शोधायला लागेल, तिथे टेकअवे म्हणा.

मग मराठी प्रतिशब्द नाहीच का?

कशासाठी हवाय त्यावर आहे. हातातल्या वस्तूला पुडकं, कपड्यांना बोचकं किंवा गाठोडं, कागदांना गठ्ठा, जमिनीला तुकडा. सगळ्यांना मिळून एकच शब्द काढायचा हट्ट कशाला. टपालाच्या अर्थाने पार्सल मराठीच झालाय आता, त्याला आपण क्रियापदही जोडलं, आणि तेही आपल्या ढंगाने, म्हणजे नकोशा माणसाला दुसऱ्या गावी पाठवून दिलं की आपण म्हणतो "त्याला पार्सल केला". परवाच एका मित्राने सांगितलं की साहेबांनी त्याला दुसऱ्या ब्रँचला पार्सल केलाय. मी मे पिअरस्टॉर्फची गोष्ट सांगितली तर म्हणाला, तिला निदान आजीकडे तरी पाठवलं होतं.